कोड-पॉइंट ओपन, सात महिन्यांनी: धर्माची गाय आणि तिचे दात

परवा ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भरता येणाऱ्या खुल्या नकाशात मी केलेल्या बदलांखाली कुणीतरी लिहिलं, "कोपऱ्यावरचं ते घर आमचं. तुम्ही लावलेला पोस्टकोड आमचा नाही." भाषा अगदी नम्र, म्हणून जास्तच झोंबलं. तो पोस्टकोड मी कोड-पॉइंट ओपन या फुकट यादीवरून लावला होता. त्या एका घरापायी शनिवार गेला, तर आता पाच ताऱ्यांत तिचा निकाल लिहूनच टाकतो.

मी इंग्लंडात लेस्टरमध्ये राहतो. ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या भागातल्या घरांना नंबर आणि पोस्टकोड चढवायचं खूळ सात महिन्यांपूर्वी डोक्यात शिरलं. पत्त्यांची खरी यादी, म्हणजे पीएएफ, इथल्या टपाल कंपनीची, रॉयल मेलची. तिला पैसे पडतात, आणि भरले तरी ती खुल्या नकाशात ओतता येत नाही. सरकारी नकाशे काढणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हेचा कोड-पॉइंट ओपन मात्र २०१० पासून फुकट आहे. सतराएक लाख पोस्टकोड, प्रत्येकाला एक बिंदू. फुकट ते पौष्टिक, या घराण्यातला मी. (बेलफास्टकरांनो, तुमच्यासाठी यात काही नाही. उत्तर आयर्लंड वगळलेलं आहे.)

पहिला महिना माझ्याच अकलेने खाल्ला. फाइलीत स्तंभांची नावं नसतात, ती वेगळ्या फोल्डरात असतात, हे मागाहून कळलं. दुसऱ्या स्तंभात बिंदू किती अचूक त्याचा आकडा, तर जिकडेतिकडे १०. मला वाटलं शंभरात दहा गुण, टाकाऊ माल! म्हणून देशभरातले ९० वाले हुडकून नकाशावर टाकले, तर ते सिली बेटांच्याही पलीकडे अटलांटिकमध्ये पडले. तिथे १० म्हणजे सर्वांत चांगलं आणि ९० म्हणजे जागेचा पत्ताच नाही, म्हणून जागेचे दोन्ही आकडे शून्य, आणि शून्य-शून्य पडतं समुद्रात. पुढे ग्रिडचे (ब्रिटिश नकाशाच्या चौकटीचे) आकडे अक्षांश-रेखांशात बदलताना डेटमचा, म्हणजे दोन्हींच्या मोजणीच्या पायाचा, फरक विसरलो आणि अख्खी गल्ली शंभरेक मीटर सरकून शाळेच्या मैदानात जाऊन उभी राहिली.

आता तो बिंदू. माझं सगळं भांडण त्याच्याशी आहे. तो पोस्टकोडच्या हद्दीचा मध्य नव्हे. त्या कोडातल्या पत्त्यांची सरासरी काढून ती जवळच्या एका खऱ्या घरावर टेकवतात. पंधरा घरांत एकाच्या कपाळी टिळा, बाकीची चौदा कोरी. मी "जवळचा बिंदू तो आपला" असा हिशेब लावला. सरळ गल्लीत तो चालतो, कोपऱ्यावर फसतो. घराची कूस एका रस्त्याला, दार दुसऱ्या रस्त्याला. बिंदू कुशीजवळ, टपाल दाराशी. त्यात विषम नंबरांना एक कोड आणि समोरच्या सम नंबरांना दुसरा, हेही इथे सर्रास. माझी ६८ घरांत ५ चुकली, पाचही कोपऱ्यावरची. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या पिनकोडवर वाढलेला मी. १९७२ पासूनचा तो सहा आकडी कोड अख्ख्या टपाल कचेरीचा इलाखा सांगतो, त्यात एका घराची चूक कुणाच्या बापाला दिसत नाही. इथे एका कोडात सरासरी पंधराच पत्ते, म्हणून एका भिंतीचीही चूक लगेच चव्हाट्यावर येते.

इथपर्यंत लिहून दोन तारे देणार होतो. पण रविवारी ती पाच घरं दुरुस्त करायला निघालो आणि वाटेत एका बेकरीच्या पाटीवरून कोड टिपून घेतला. घरी येऊन पाहतो तर यादीत असा कोडच नाही. पाटीवरच्या जीची शेपटी पावसाने धुऊन गेलेली, मी सी वाचलं होतं. मुळात शेवटच्या दोन अक्षरांत सी येतच नाही, आय, के, एम, ओ, व्हीसुद्धा नाही. खाद्यस्वच्छतेच्या खुल्या यादीत त्याच बेकरीचा पत्ता सापडला, जी बरोबर निघाला. म्हणजे कोड-पॉइंटच्या यादीकडून पत्ते मागायचेच नव्हते. पत्ते पायांनी गोळा करायचे, चुका तिने पकडायच्या. झाले चार तारे. पाचवा त्या कोपऱ्यावरच्या घराने खाल्ला.

यादी दर तीन महिन्यांनी नवी येते. मेच्या फाइलीत गावाबाहेरच्या एका शेतात नऊ बिंदू उगवलेत. नकाशावर तिथे अजून साधी पायवाटही नाही. शनिवारी सायकल काढतो.