सांगलीत प्री-प्रेग्नन्सी चेकअप: डॉक्टर भारी, लॅबचं पॅकेज नको

लग्नानंतर आता बाळाचं बघूया असं आमचं ठरलं तेव्हा मैत्रीण म्हणाली आधी एकदा दोघं चेकअप करून घ्या, मग काय ते सुरू करा. विश्रामबागेत एका गायनॅक मॅडमकडे गेलो. क्लिनिकचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे घरातलं बरंच लिहिलंय आणि सांगली केवढीशी, कोण कुणाचं पाहुणं निघेल सांगता येत नाही.

पहिलं म्हणजे मॅडमनी तपासणी नंतर केली, आधी नुसते प्रश्न. अर्धा तास तरी बोलत होत्या आणि माझ्या मते फीचे ७०० रुपये तिथंच वसूल झाले. फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच सांगितलेलं की घरात ज्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. मला वाटलं कशाला एवढं, पण त्यात माझ्या पिंपल्सच्या कॅप्सूल निघाल्या, आयसोट्रेटिनॉइन. मॅडम एकदम सिरीयस झाल्या. ह्या कॅप्सूल चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर दोष होऊ शकतात, बंद केल्यावर कमीत कमी १ महिना थांबायचं. फिटच्या काही गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या ह्यांचंही तसंच, पण त्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टर बदलून देतात.

मग नात्यात लग्न झालंय का विचारलं. झालंय, माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आपल्याकडे हे काय नवीन नाही, पण डॉक्टरसमोर सांगताना उगाच ओशाळल्यासारखं होतं. मॅडमनी मात्र अजिबात तोंड वाकडं न करता आकडे सांगितले, की कुठल्याही जोडप्यात १०० बाळांमागे २-३ बाळांना जन्मजात काहीतरी दोष असतो, सख्ख्या आते-मामे नात्यात ते साधारण दुप्पट होतं, म्हणजे तरी ९४-९५ बाळं ठणठणीतच असतात. घराण्यात कुणाला ऐकू न येणं, लहानपणीच गेलेलं मूल, सतत रक्त चढवावं लागणारं कुणी, असं सगळं विचारून कागदावर झाड काढलं. थॅलेसेमियासाठी (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार) एचपीएलसी ही रक्ताची टेस्ट आधी माझीच केली, नॉर्मल आली, म्हणून ह्यांची करायला लावलीच नाही. दोघंही मायनर, म्हणजे नुसते वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळाला मेजर, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा आजार होण्याची शक्यता ४ मध्ये १, पण एक जण क्लिअर असला की मेजरची भीती जवळपास संपली. पैसे वाचवणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला.

आता नवऱ्याची पाळी. ह्यांची तासगावला द्राक्षबाग आणि खिशात माव्याची पुडी. मॅडम म्हणाल्या मावा बंद. हे म्हणाले, "मॅडम, मी कुठं बाळंत होणाराय?" त्यावर मॅडमनी शांतपणे सांगितलं की पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे आजचा मावा दिवाळीनंतरच्या हिशोबात येतो. फवारणी कोण करतं, औषध कालवताना हातमोजे असतात का, छाटणीनंतर काडीला पेस्ट कोण लावतं, फवारणीचे कपडे बायकोच्या कपड्यांबरोबर एकाच मशीनमध्ये जातात का, हे इतकं नीट विचारलं की मला वाटलं बाईंचीच बाग असणार कवठ्याला. कपडे आता वेगळे धुतो. मावा कमी झालाय, सुटला नाही. घरी आत्या मिश्री लावते म्हणून मलाही विचारलं, मी लावत नाही, पण ती पण भाजलेली तंबाखूच, बायकांनी दिवस राहायच्या आधीच सोडायची हे त्यांनी बजावलं.

रुबेलाची (गोवरासारखा पुरळ येणारा आजार, गरोदरपणात झाला तर बाळाला धोका) टेस्ट केली तर माझ्यात त्याविरुद्ध प्रतिकारशक्तीच नाही. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत लस १५ वर्षांपर्यंतच्या पोरांना दिली, माझ्या वयाच्या बऱ्याच जणी त्याआधीच मोठ्या झालेल्या. लस घेतली, त्यानंतर १ महिना थांबायचं. गरोदरपणात ही लस देताच येत नाही, म्हणून आधी जायला पाहिजे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली होतं, लोहाच्या गोळ्या चालू, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत.

फॉलिक ॲसिडचं जरा नीट वाचा. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, तोवर बऱ्याच जणींना पाळी चुकली एवढंच कळलेलं असतं, म्हणून गोळी आधीच १ ते ३ महिने सुरू पाहिजे. चिठ्ठीवर ४०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं आणि मेडिकलवाल्यानं ५ मिलिग्रॅमचं पाकीट पुढं केलं, "सगळे हेच नेतात ताई". साडेबारा पट होतंय ते! ५ ची गोळी आधीच्या बाळाला तसा दोष असेल, डायबिटीस असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील अशांना डॉक्टर देतात. दुसऱ्या दुकानात मिळाली बरोबर.

आता तक्रारी. मॅडमनी चार टेस्ट लिहिल्या तर जवळच्या लॅबवाल्यानं "मदरहूड पॅकेज" गळ्यात मारायला बघितलं, त्यात एएमएच, टॉर्च (बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या काही इन्फेक्शनची एकत्र टेस्ट) आणि काय काय. मॅडमना फोन लावला, म्हणाल्या काही नको. एएमएचवरून अंडी किती शिल्लक ह्याचा अंदाज येतो, पण आपोआप दिवस राहतील का नाही हे त्यातनं कळत नाही, आणि टॉर्च उगाच केली की जुन्या इन्फेक्शनचा पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून माणूस रात्रभर जागा.

आणि क्लिनिकची रिसेप्शनिस्ट! भरल्या हॉलमध्ये "प्लॅनिंगवाले कोण आहेत, या पुढं" असं ओरडली. समोर आमच्या गल्लीतल्या काकू बसलेल्या. संध्याकाळपर्यंत आत्याला फोन, "काय, गोड बातमी का?" एक स्टार ह्याचाच कापलाय, मॅडमना पाचच्या पाच.

जायचं असेल तर संध्याकाळची ओपीडी घ्या, सकाळी सोनोग्राफीची गर्दी असते आणि टू-व्हीलर लावायला पण जागा नसते. नवऱ्याला बरोबर न्याच, एकटी गेलात तर अर्धे प्रश्न तसेच राहतात आणि परत बोलावतात. ३५ च्या आत असाल तर वर्षभर आणि पुढे असाल तर ६ महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तरच पुढच्या टेस्ट, असं आम्हाला सांगितलंय, सो सध्या आत्याच्या फोनना ह्यांनाच उत्तर द्यायला लावते.