घरची वाईन: सोनाका की भगवा?

सोलापूरकडे एकाच्या रानात द्राक्ष, तर बांधाला बांध लागून दुसऱ्याचं डाळिंब. त्यामुळे घरच्यापुरती वाईन करावी असं मनात आलं की पहिला प्रश्न फळाचाच पडतो. मी काही हंगाम एका परवानाधारक वायनरीत काम केलंय आणि आता गावी बाग बघतो, त्या अनुभवावरून लिहितोय.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय वाईन करणं गुन्हा आहे, एक बाटलीही विकली नाही तरी. राज्य उत्पादन शुल्क विभागात जाऊन विचारा, मगच पुढचं वाचून उपयोग.

पहिल्या नजरेत द्राक्षच जिंकतं. नान्नजच्या नानासाहेब काळेंनी थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षातून निवडलेली सोनाका ही जात पिकली की 20 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) आसपास भरते, म्हणजे वरून साखर न घालता साधारण 11 टक्के अल्कोहोल. देठ काढा, मणी चुरडा, झालं. दहा किलोला सहा लिटर रस सहज निघतो.

डाळिंबाची भगवा ही जात मात्र 15 ब्रिक्सच्या आसपास असते, त्यावर आठेक टक्केच मिळतात. एक टक्का वाढवायला लिटरमागे 17 ग्रॅम साखर, असा हिशेब धरा. शिवाय सोलायचा ताप वेगळाच. आतला पांढरा पापुद्रा राहिला तर रस तुरट होतो, मिक्सरला लावलं तर बी फुटून कडवट. दहा किलोतून चारेक लिटर रस निघाला तरी समाधान मानायचं, आणि तोवर घरातल्या सगळ्यांची बोटं काळी.

तरीही मी डाळिंबाच्याच बाजूने आहे, आणि त्याचं कारण फळात नाही, कॅलेंडरात आहे. आपलं द्राक्ष उतरतं फेब्रुवारी ते एप्रिल. मार्चअखेर पारा चाळिशीला टेकतो. पांढऱ्या वाईनचा रस 15 ते 18 अंशांवर सावकाश आंबावा लागतो. पत्र्याच्या खोलीत 35 च्या वर गेला की यीस्ट गळपटतं, साखर अर्धवट राहते, आणि त्या उबेत जिवाणूंचं फावतं. वर हवा लागली की शिरका तयार. मृगाचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला बहर धरलेलं डाळिंब मात्र डिसेंबर-जानेवारीत येतं. रात्री गारवा असतो, लाल रसाला 22 ते 25 अंश चालतात, वेगळी सोय लागत नाही. हस्ताचं, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी बहर धरलेलं डाळिंब असेल तर हा फायदा गेला, कारण तेही उन्हाळ्याच्या तोंडावरच येतं.

द्राक्षाची आणखी एक खोड म्हणजे गंधक. भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेलं गंधक मण्यांवर राहिलं तर आंबताना सडक्या अंड्याचा वास सुटतो. धुऊनही सगळं निघत नाही, शेवटच्या फवारणीनंतर मध्ये दिवस जावे लागतात.

दोन्हींना नियम सारखेच. बेकरीचं नाही, वाईनचंच यीस्ट. बरणी काचेची किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकची. झाकण घट्ट लावायचं नाही, नळीचं टोक पाण्यात सोडायचं, नाहीतर गॅसने बरणी फुटते. गार जागा म्हणून कुणी पेवात, म्हणजे धान्याच्या जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवायचं सुचवेल, त्याचं ऐकू नका. आंबणाऱ्या रसातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो खाली साठतो आणि उतरणारा माणूस गुदमरतो. त्यापेक्षा माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, वारं खेळणारी खोली बरी. तयार बाटल्या मे महिन्यात ठेवायलाही तीच.

चवीचं म्हणाल तर सोनाका हे खायचं फळ. साल पातळ, बी नाही, म्हणून वाईन सपक होते. भाकरी आणि शेंगाचटणीपुढे तिचा पत्ता लागत नाही. भगव्याचा आंबटपणा आणि तुरटपणा मात्र लसणाच्या तिखटापुढे उभा राहतो. घरात गार खोली असेल, किंवा खायच्या नाही तर वाईनच्याच जातीची द्राक्षं हाताशी असतील, तर माझं ऐकायचं कारण नाही.

पहिल्या खेपेला तडकलेली दहा किलो डाळिंबं पुरे, बाजारात त्यांना तसाही भाव नसतो. फक्त काळे पडलेले दाणे वेचून टाका. आणि पेला भरायचा तो धारा काढून, वैरण टाकून झाल्यावर, आधी तांब्याभर पाणी पिऊन. रात्रपाळीची लाईट असेल आणि मोटर चालू करायला विहिरीवर जायचं असेल, तर त्या दिवशी बाटलीला हात लावायचा नाही.