गच्चीच्या कोब्यात गेलेले 94,750 रुपये

बेळगावात मृग तोंडावर आला की गळक्या गच्चीच्या प्रत्येक घराला गवंडी हवा असतो, आणि नेमक्या याच घाईचा फायदा घेऊन एका वॉटरप्रूफिंगवाल्याने आम्हाला 94,750 रुपयांना गंडवले. अनगोळमधील आमची गच्ची 34 फूट लांब आणि 25 फूट रुंद आहे. नवा विटांचा कोबा चौरस फुटाला 95 रुपयांप्रमाणे 80,750 रुपये आणि जुना कोबा फोडून मलबा हलवण्याचे वेगळे 14,000 रुपये, असा हिशेब ठरला. 40,000 आगाऊ, माल पडल्यावर 35,000 आणि काम संपताच 19,750 रुपये त्याने रोखीने नेले. दहा वर्षांची गॅरंटी त्याने लेटरहेडवर लिहून दिली होती आणि त्याने आधी केलेले एक काम मी स्वतः पाहून आलो होतो, तेव्हा आम्ही डोळे झाकून पैसे दिले असे कोणी म्हणू नये. (त्या लेटरहेडवर जीएसटी क्रमांक नव्हता. तुम्ही तो आधी बघा.)

आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो, ती वेळ कोब्यावर पाणी मारण्याची. पाणी पाऊसपाइपकडे न जाता जिन्याच्या खोलीच्या भिंतीकडे सरकत होते, आणि पाइपच्या तोंडाशी बोट फिरवले तर त्याची कड कोब्यापेक्षा जवळजवळ अर्धा इंच वर लागली. लेव्हलची नळी सिमेंटच्या पोत्यांवर गुंडाळलेलीच पडली होती. मी तिथल्या तिथे विचारले. "काका, वरचा थर यायचाय अजून, तो घोटला की ढाळ बसतो," असे उत्तर मिळाले. तो वरचा थर म्हणजे केमिकलचा चकचकीत लेप निघाला. त्याने ढाळ मिळत नाही, फक्त खालचे पाप झाकले जाते. शंभराला एक या नेहमीच्या प्रमाणाने 34 फुटांत चार इंचांचा उतार हवा होता. पैशांचा शेवटचा हप्ता गच्चीत पाणी कोंडून, दोन दिवस ठेवून, खालचे छत कोरडे राहिल्यावरच द्यावा, आणि पाऊस येईल या धाकाला भीक घालू नये.

पहिल्या जोरदार पावसातच गच्चीचे तळे झाले आणि स्वयंपाकघरात कट्ट्यावर पाणी ठिबकू लागले. कोपऱ्यात छिन्नी लावली तेव्हा दोन इंचांच्या नव्या थराखाली जुना कोबा जसाच्या तसा सापडला. मागच्या वर्षीचे वाळलेले शेवाळ आणि भेगांत आम्हीच भरलेले डांबरसुद्धा तिथेच होते. म्हणजे फोडण्याचे 14,000 सरळ खोटे, आणि स्लॅबवर दोन कोब्यांचा भार. कोबा फोडण्याच्या त्या दिवसांत आम्ही निपाणीला भाचीच्या लग्नात होतो आणि परतलो तेव्हा फाटकाशी मलब्याची पोती रचून ठेवलेली होती. त्यावरून कोणीही विश्वास ठेवला असता. मलबा हलताना घरातले कोणीतरी वर उभे असलेच पाहिजे.

पोलिसांनी ही दिवाणी बाब असल्याचे सांगून अर्ज परत केला. काम वाईट झाले एवढेच असते तर मीही मान्य केले असते. पण न केलेल्या कामाचे पैसे ते केल्याचे भासवून घेणे ही फसवणूक नव्हे, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 318 कशासाठी आहे? दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात तर मराठी अर्ज वाचण्याआधीच बाजूला सारून कन्नडमध्ये लिहून आणण्यास सांगण्यात आले. राज्यघटनेचा अनुच्छेद 350 कोणत्याही नागरिकाला संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देतो, हे मी त्या कारकुनाला सांगितले, तर तो म्हणाला, "ते वर जाऊन सांगा." वरचे साहेब दौऱ्यावर. भाषांतर करून नेल्यावर हा विषय आपल्या कार्यालयाचा नाही असे कळले, जे अर्ज मराठीत असतानाही तितकेच खरे होते.

शेवटी ग्राहक आयोगाची वाट धरली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली जाते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. 1915 या हेल्पलाइनवर आधी विचारून घेता येते. मात्र कोबा उकरण्यापूर्वी अभियंत्याकडून लेखी पाहणी आणि फोटो करून घ्या. आमच्या नोटिशीला कंत्राटदाराने दिलेले उत्तर असे आहे की, कोबा आम्ही स्वतः फोडल्यामुळेच गळती सुरू झाली आणि गॅरंटी त्याच दिवशी संपली.