संगीतसंग्रहातील डीआरएम तपासताना : ॲपमधील यादी की एफएफप्रोब?

ज्यांच्या संग्रहात काही गाणी सीडीवरून उतरवलेली, काही ऑनलाइन विकत घेतलेली आणि काही सदस्यत्वाच्या सेवेतून डाउनलोड केलेली आहेत, त्यांना नवा संगणक घेण्यापूर्वी कोणत्या फाइली डीआरएमने, म्हणजे नकल आणि वापर यांवर मर्यादा घालणाऱ्या डिजिटल कुलपाने, बांधलेल्या आहेत हे एकदा पाहून घ्यावेच लागते. या कामासाठी दोन मार्ग मला विचारात घेण्याजोगे वाटतात. एक म्हणजे संगीत सांभाळणाऱ्या ॲपमधील यादी, आणि दुसरा म्हणजे ध्वनी व चित्रफिती हाताळणाऱ्या एफएफएमपेग या मोफत संचाबरोबर मिळणारे एफएफप्रोब हे कमांड लाइनवरचे, म्हणजे आज्ञा टंकून चालवायचे, साधन. नावाचे एक्स्टेन्शन पाहणे किंवा गाणे वाजवून पाहणे हे उपाय मी बाजूला ठेवले आहेत, कारण डब्ल्यूएमए या मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपातील संरक्षित आणि असंरक्षित फाइलींचे एक्स्टेन्शन एकच असते आणि अधिकृत केलेल्या संगणकावर संरक्षित गाणेही निर्वेध वाजते.

कोणत्या वर्षांतील फाइलींबाबत शंका घ्यावी हे आधी ठरवले तर काम बरेच हलके होते. अमेरिकेत ॲपलचे आयट्यून्स स्टोअर २००३ साली सुरू झाले, तेव्हा तेथील गाणी फेअरप्ले या ॲपलच्या डीआरएम संरक्षणासह विकली जात. २००७ साली ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या गाण्यांवरून ते प्रथम हटले आणि २००९ साली उरलेल्या गाण्यांवरूनही गेले. भारतात हे दुकान २०१२च्या डिसेंबरात आले, त्यामुळे येथून विकत घेतलेल्या गाण्यांवर ते बंधन कधी नव्हतेच. फ्लिपकार्टच्या फ्लाइट या अल्पायुषी दुकानातील गाणीही साध्या एमपी३ स्वरूपात मिळत. म्हणजे आपल्याकडील वाचकाला खरी शंका घ्यावी लागते ती तीन ठिकाणी : त्या वर्षांत परदेशी राहून केलेली खरेदी, जुन्या विंडोज मीडिया प्लेअरमध्ये संरक्षणाचा पर्याय चालू ठेवून सीडीवरून उतरवलेल्या डब्ल्यूएमए फाइली, आणि २०१५नंतर ॲपल म्युझिकमधून डाउनलोड केलेली गाणी. याहूने २००८च्या सप्टेंबरअखेर गाणे वाजवण्याची परवानगी देणारे आपले परवाना सर्व्हर बंद केले, तेव्हा त्याच्या दुकानातून घेतलेली गाणी नव्या संगणकावर नेण्याची वाट बंद झाली. ही तपासणी वेळेत करावी असे मी म्हणतो ते अशा उदाहरणांमुळेच.

ॲपमधील यादीची सोय निर्विवाद आहे. आयट्यून्समध्ये किंवा त्यानंतर आलेल्या म्युझिक ॲपमध्ये ‘काइंड’ हा फाइलीचा प्रकार दाखवणारा रकाना उघडला की (एएसी हे ॲपलच्या दुकानातील गाण्यांचे ध्वनिस्वरूप) ‘प्रोटेक्टेड एएसी’, ‘पर्चेस्ड एएसी’ किंवा ‘ॲपल म्युझिक एएसी’ अशी नोंद प्रत्येक गाण्यासमोर दिसते, आणि त्याच आधारावर स्मार्ट प्लेलिस्टही बनवता येते. फक्त ‘प्रोटेक्टेड’ हा शब्द शोधून थांबू नये, कारण सदस्यत्वातून आलेली गाणी संरक्षित असूनही त्यांच्या नोंदीत तो शब्द नसतो. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्येही ‘प्रोटेक्टेड’ हा रकाना जोडता येतो आणि डब्ल्यूएमए फाइलींसाठी तो उपयोगी आहे.

माझा निर्णय मात्र वेगळ्याच अडचणीमुळे झाला. अशा कोणत्याही ॲपला संग्रह तपासायला सांगायचे तर आधी तो संग्रह त्याच्या लायब्ररीत घालावा लागतो, आणि त्यांपैकी अनेक ॲपमध्ये फाइलींची प्रत ॲपच्या स्वतःच्या फोल्डरात करण्याचे व टॅगनुसार, म्हणजे फाइलीत नोंदलेल्या गायक-अल्बम अशा माहितीनुसार, फोल्डर लावण्याचे पर्याय असतात. चित्रपटगीतांच्या संग्रहाला त्याचे काही वाटत नसेल. नाट्यसंगीताचे तसे नाही. एकाच नाटकाच्या ध्वनिमुद्रणात पदागणिक गायक बदलतो, आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ हा टॅग रिकामा असला की एका नाटकाची पदे पाच-सहा गायकांच्या फोल्डरांत विखुरली जातात. मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत मी गायक, राग आणि साल असा क्रम लावलेला आहे, आणि टॅगमध्ये तो जवळजवळ कोठेच नाही. हे पर्याय बंद करता येतात हे मान्यच आहे, पण जे काम केवळ पाहण्याचे आहे त्यासाठी संग्रह हलण्याची धास्ती बाळगावी लागणे मला पटत नाही.

एफएफप्रोब फाइल केवळ वाचते. ती जेथे आहे तेथेच राहते, बाहेरच्या डिस्कवर असली तरीही. साध्या एएसी फाइलीच्या ध्वनिप्रवाहाची खूण ‘एमपी४ए’ अशी येते, तर फेअरप्लेने संरक्षित फाइलीची ‘डीआरएमएस’ अशी येते. एखाद्याने एक्स्टेन्शन बदलून ठेवले असले तरी ही खूण बदलत नाही. मुखपृष्ठाचे चित्र वेगळा प्रवाह म्हणून मोजले जाते, म्हणून केवळ ध्वनिप्रवाह निवडायला सांगावे. डब्ल्यूएमएच्या बाबतीत डीआरएमचा इशारा स्वतंत्र ओळीत येतो आणि तो ‘वॉर्निंग’ या पातळीवरचा असतो. इंटरनेटवरून उचललेल्या अनेक आज्ञांमध्ये संदेशांची पातळी ‘एरर’वर ठेवलेली असते, आणि तसे केल्यास संरक्षित डब्ल्यूएमए फाइलही निर्दोष भासते. एवढे सांभाळले की हजारो फाइलींची यादी एका आज्ञेत निघते, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही त्यासाठी फार वाट पाहावी लागली नाही.

ज्यांचा सगळा संग्रह आधीपासूनच एका ॲपच्या लायब्ररीत आहे आणि ज्यांना कमांड लाइनची सवय नाही, त्यांना ‘काइंड’चा रकाना बहुधा पुरेल, त्यांनी केवळ तपासणीसाठी नवे साधन शिकावे असा आग्रह मी धरणार नाही. पण फोल्डरांची रचना स्वतः लावलेली असेल आणि फाइली दोन-तीन डिस्कवर पसरलेल्या असतील, तर एफएफप्रोबने सुरुवात करावी, आणि त्यात संरक्षित म्हणून निघालेल्या मोजक्या फाइलीच, त्यांच्या प्रती काढून, ॲपमध्ये पडताळून पाहाव्यात.