नऊ महिने फायरफॉक्स: ब्राउझर उत्तम, अडवतात त्या वेबसाइट

अकाउंटिंगचं काम असल्यामुळे माझा सगळा दिवस ब्राउझरमध्येच जातो. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन गेलं आणि मी फायरफॉक्सवर आले. याला आता नऊ महिने झाले. परत जायचा विचार नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कंटेनरचा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचंच मोफत एक्स्टेन्शन आहे. एकाच विंडोत तीन क्लायंटची लॉगिन एकाच वेळी उघडी राहतात, कुकीज एकमेकींत मिसळत नाहीत. टॅबवर रंगाची बारीक रेघ दिसते: निळी किराणा दुकानाची, हिरवी दवाखान्याची, केशरी माझी स्वतःची. पूर्वी महिन्याच्या वीस तारखेला घाईघाईत एकाचं चलन दुसऱ्याच्या नावावर जाईल अशी धास्ती असायची. आता रेघेचा रंग बघते आणि मगच सबमिट दाबते.

अँड्रॉइड फोनवरही यूब्लॉक चालतं. बातमी वरपासून खालपर्यंत सलग वाचता येते, एवढं पुरेसं आहे.

त्रास झाला तो दुसऱ्याच आठवड्यात. एका बँकेच्या बिझनेस नेटबँकिंगने दारातच अडवलं: क्रोम किंवा एज वापरा. मग एक एक्स्टेन्शन टाकून युजर एजंट बदलला, म्हणजे साइटला ब्राउझरचं नाव क्रोम असं सांगितलं. लॉगिन झालं, ओटीपी आला, स्टेटमेंटही उतरलं. पानात काहीच अडचण नव्हती, फक्त नाव तपासलं जात होतं! हेल्पडेस्कला दोनदा मेल केला. दोन्ही वेळा उत्तर तेच, क्रोम वापरा.

याची मला खरंच काळजी वाटते, कारण हे एकदा होऊन गेलंय. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ब्राउझरच्या दिवसांत कितीतरी साइट त्याच्याच मापाने बेतलेल्या असायच्या. नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीने १९९८ मध्ये आपला कोड सगळ्यांसाठी खुला केला, त्यातून मोझिला उभं राहिलं आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला, तेव्हा कुठे ती पकड सैल व्हायला लागली. आज क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा कोडही खुलाच आहे. एज २०२० पासून त्यावरच चालतो. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डीही. पण कोड सगळ्यांना दिसतो म्हणून निर्णय सगळ्यांचे होत नाहीत. दिशा मुख्यतः गूगल ठरवतं. वेबपान उभं करणारी वेगळी मोठी इंजिनं उरली दोनच: सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको.

आणि त्या फायरफॉक्सचं बहुतेक उत्पन्न येतं गूगल सर्चच्या करारातून. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने असे पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही, तेव्हा मला हायसं वाटलं. पण प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर किती दिवस काढायचे?

साइट अडली की फायरफॉक्सच्या मेनूतून तशी तक्रार नोंदवता येते. मी त्या बँकेची नोंदवली आहे. बँकेलाही परवा तिसरा मेल केला, या वेळी त्यांचंच पान फायरफॉक्समध्ये नीट चालतानाचा स्क्रीनशॉट जोडून.