रेषेच्या अलीकडे की पलीकडे?
पावसात फोंड्याच्या मैदानावर चुन्याची गोलरेषा धुऊन गेली, की रग्बीत हा वाद हमखास पेटतो: चेंडूसकट आडवा पडलेला खेळाडू अजून ट्राय (गोलरेषेवर किंवा तिच्या पलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणं) करू शकतो का?

रेषेच्या अलीकडे टॅकल (चेंडूवाल्याला धरून खाली पाडणं) झाला असेल, तर नियम कडक आहे. पडल्याबरोबर हात लांबवून चेंडू रेषेवर टेकवला तर ट्राय, कारण गोलरेषा इन-गोलचाच, म्हणजे तिच्या पलीकडच्या पट्ट्याचाच भाग. वेगाने घसरत पलीकडे गेला तरी ट्रायच. पण थांबल्यावर कोपरांवर सरपटला, की पेनल्टी.

इन-गोलमध्ये पडला, तर चित्र पालटतं. टॅकल आणि रक (जमिनीवरच्या चेंडूवर उभ्या खेळाडूंची रेटारेटी) हे मुख्य मैदानातच होतात, त्यामुळे इथे चेंडू लगेच सोडायचं बंधन नाही. बचाव करणाऱ्याने चेंडूखाली हात घालून तो अधांतरी धरला, तरी आक्रमक कूस बदलून टेकवू शकतो. टेकवता आलाच नाही, तर 2022 मध्ये कायम झालेल्या नियमानुसार बचाव संघाला गोलरेषेवरून ड्रॉप-आउट (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक) मिळतो. पूर्वी गोलरेषेपासून पाच मीटरवर स्क्रम (दोन्ही संघांनी एकमेकांत अडकून चेंडूसाठी केलेली रेटारेटी) व्हायचा. म्हणूनच रेफरीने इथे शिट्टीची घाई केली, तर मला ते फार खटकतं. अंगांच्या ढिगाऱ्याखाली चेंडू दिसेपर्यंत त्याने वाकून बघायलाच हवं.