सीएसआर निधीचा अर्ज लिहून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

मार्च जवळ आला की सीएसआर निधी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा, मिळवून देतो म्हणत चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत "आतून ओळख" असलेले सल्लागार पुण्यातल्या छोट्या शाळांच्या फेऱ्या मारू लागतात. त्यांचं बोलणं ठरलेलं: मंजुरी पक्की, आत्ता फक्त फाइलचा खर्च द्या, बाकीचे दहा टक्के निधी आल्यावर.

या दहा टक्क्यांतच खरी फसवणूक आहे. निधी ठरलेल्या बाबींसाठी येतो: इतके संगणक, इतकी बाकं. पाच लाखांतले पन्नास हजार कमिशन गेलं, तर विनियोग प्रमाणपत्रात, म्हणजे निधी कशावर खर्च झाला त्या दाखल्यात, ते दाखवणार कुठे? मग हाच माणूस बाकांचं बिल फुगवायला सांगतो. खोट्या हिशेबावर सही मुख्याध्यापकांची आणि विश्वस्तांची. त्याचं नाव कुठेच नसतं. हातात पडतो तो भलत्याच शाळेचा उतरवलेला प्रस्ताव, कधीकधी तिची पटसंख्यासुद्धा तशीच.

संस्थेकडे १२ए, ८०जी या आयकर खात्याच्या नोंदण्या नसतील तर "आमच्या ट्रस्टच्या नंबरवर आणू" म्हणतात. कंपन्यांकडून असा निधी घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. नंबर दुसऱ्याचा म्हणजे पैसाही दुसऱ्याच्या खात्यात. तुमची मुलं फक्त फोटोत. स्वतःची नोंदणी करताना ईमेल आणि मोबाइल संस्थेचाच द्या. डिजिटल सहीचा डोंगल बाहेरच्या कोणाकडेही ठेवू नका.

अर्ज शाळेतल्याच माणसाने लिहावा असं आमचं स्पष्ट मत आहे. युडायसची (शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची) माहिती भरणारे शिक्षक आणि हिशेब पाहणारे लिपिक एकत्र बसले तर चार-पाच पानं सहज होतात: पट, नेमकी अडचण, तीन कोटेशनं, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि देखभाल कोण करणार ते. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि पहिला प्रश्न त्यावरच येतो. भाषेला मदत हवी असेल तर बाहेरचा माणूस जरूर घ्या, पण ठरावीक मानधनावर, लेखी करार करून, आणि मसुदा हातात आल्यावरच पैसे द्या. त्याने आधी ज्यांचे अर्ज लिहिले, त्या दोन शाळांना स्वतः फोन करा.

मंजुरीपत्र आलं तर त्यावरच्या नंबरला नव्हे, कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या नंबरला फोन लावा. निधी सोडण्याआधी अनामत किंवा जीएसटी मागितला, तर पत्र खोटं समजा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, बँकेलाही कळवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका.